भातातला खडा



आज विषय हलका घेतला आहे. हलका म्हणजे सोपा नव्हे बरं का. ज्ञान, वैराग्य, मोक्ष या गोष्टी बोलायला सोप्या, कारण त्या घरी गेल्यावर लगेच कराव्या लागत नाहीत. आजचा विषय मात्र मंडपातून उठताना चपला शोधायला लागाल ना, तिथूनच सुरू होतो. आपली चपल कुणीतरी पायाने सरकवून तिसरीकडे टाकलेली असते आणि तासभर ऐकलेलं सगळं तिथंच सांडतं!

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, आठ तालुके वाट्याला आले, पण ताटातला भात काही बदलला नाही. तर जेवायला बसलात असं समजा. पान भरून गरम भात आहे, वर वरण आहे. हजार शितं गोड लागली, त्यातलं एकही आठवत नाही. एक खडा दाताखाली आला, कर्र झालं, की जेवण म्हणून तेवढाच लक्षात राहतो. घरची माउली पहाटेपासून राबली ते गेलं. "भातात खडा होता" एवढंच उरलं.

माणसांचंही आपण असंच करतो. शेजारी वेळेला धावून येतो, आजारपणात गाडी काढतो. पण तो सकाळी पाच वाजता मोबाईलवर भजन मोठ्यानं लावतो. झालं! त्याची ओळख काय? "तो मोबाईलवाला." जावई गुणाचा, पण जेवताना मचमच आवाज करतो. भाऊ प्रेमाचा, पण कुदळ नेली की परत आणत नाही. पाहुणी बाई मायाळू, पण आल्या आल्या विचारते, "पोराला पगार किती? पोरीचं कुठं जमलं का?" एकजण बसस्टँडवर खर्रा घोटत उभा राहतो आणि पिचकारी टाकताना मागं कोण आहे ते पाहत नाही. आणि आपल्या या कीर्तनातही आहेतच ना जी! उशिरा यायचं आणि पुढं बसायचं. अभंग चालू असताना मागं सोयरिकी जमवायच्या. टाळ एकीकडे, मृदंग एकीकडे, आणि आपण तिसरीकडे. काही भक्त तर असे आहेत की त्यांना कीर्तन ऐकूच येत नाही, फक्त महाप्रसादाच्या पातेल्याचा आवाज ऐकू येतो.

हसलात ना? हसताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर दुसऱ्याचा चेहरा आला. स्वतःचा कुणाच्याच आला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता प्रश्न असा. मोठं दुःख माणूस सोसतो. पीक बुडालं, सोसतो. घरचं माणूस गेलं, रडतो आणि उभा राहतो. मग एवढासा खडा काहून सोसवत नाही? असं आहे पाहा. मोठं संकट आलं की गाव गोळा होतं, सोयरे येतात, आणि मुख्य म्हणजे आपण देवाला हाक मारतो. शेजाऱ्यानं अंगणात कचरा लोटला म्हणून आजवर कुणी पांडुरंगाला हाक मारली आहे का? "ही तर माझी मी पाहून घेतो" असं म्हणतो. तिथं आपण देवाला घरी ठेवून एकटेच लढायला जातो. आणि एकटा गेलेला माणूस हरतो. म्हणून मोठ्या परीक्षेत पास झालेली माणसं या चिल्लर परीक्षेत नापास होतात. आणि चिल्लर परीक्षा तर रोज आहे!

असं नका समजू की हे आपल्यासारख्या संसारी माणसांपुरतंच आहे. नामदेवराय केवढे मोठे! देव ज्यांच्याशी बोलायचा, त्यांच्या हातचं खायचा. त्यांची कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल. आज फक्त एका बाजूने ऐका. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा बसला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, सगळी मंडळी. मुक्ताईनं विचारलं, "काका, ही मडकी ठोकायची थापटणी. आमच्यात पक्कं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं, सांगाल का?" काकांनी थापटणी घेतली आणि एकेकाच्या डोक्यावर टक् टक् मारत निघाले. कुणी हललं नाही. नामदेवांच्या डोक्यावर थापटणी आली आणि नामदेव चिडले. संत असले म्हणून काय झालं, डोक्यावर कुणी मारतं का? काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

केवढासा मार होता तो? डोकं फुटलं नव्हतं, खोकही पडली नव्हती. पण "मला?" हा शब्द आत उठला. मायबाप, खटकण्याचं मूळ इथं आहे. मार टोकराएवढा असो की टाचणीएवढा, आत "मला?" किती मोठा आहे त्यावर दुखणं ठरतं. हॉर्न त्यानं सगळ्यांसाठी वाजवला, आपल्याला वाटतं माझ्यासाठी वाजवला. रांगेत तो घाईत पुढं गेला, आपल्याला वाटतं माझ्या पुढं गेला. महाशिवरात्रीला प्रतापगडला जाऊन पाहा. कुणी महादेवाला आलेलं, कुणी ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्याला आलेलं, माणसाला माणूस लागतं. धक्का सगळ्यांना बसतो. पण ज्याच्या मनात महादेव आहे तो वर पोचतो, आणि ज्याच्या मनात धक्का आहे तो वर पोचूनही धक्क्यापाशीच राहतो.

नामदेवांची कथा इथं संपत नाही. ते रुसून पंढरीला गेले. देवानं सांगितलं, गुरू कर, औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा. गेले. पाहतात तर काय, म्हातारा देवळात आडवा पडलेला आणि पाय थेट महादेवाच्या पिंडीवर! नामदेव पुन्हा चिडले. "उठा, पाय काढा, देव आहे तो." विसोबा म्हणाले, "बाबा, मी थकलो आहे. जिथं पिंड नाही तिथं तूच माझे पाय ठेव." नामदेवांनी पाय उचलून जिथं ठेवले तिथं पिंड उभी राहिली.

आता नीट पाहा. नामदेवांना दोनदा राग आला. पहिला स्वतःच्या मानासाठी. तो ओळखायला सोपा. दुसरा देवाच्या मानासाठी. हा ओळखायला फार अवघड, कारण त्यानं गंध लावलेलं असतं, गळ्यात माळ घातलेली असते. दिंडीत पताका वाकडी धरली म्हणून पोरावर खेकसणारा म्हणतो, "मी शिस्तीसाठी बोललो." सून सोवळ्यात चुकली म्हणून घर डोक्यावर घेणारी म्हणते, "मी धर्मासाठी बोलले." धर्मासाठी किती आणि स्वतःच्या सवयीसाठी किती, हे रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर स्वतःलाच विचारावं. ज्याला सगळीकडे पिंड दिसेल, त्याला पाय ठेवायला जागा सापडणार नाही आणि दुसऱ्यावर पाय द्यायलाही सापडणार नाही.

"म्हणजे महाराज, सगळं मुकाट्यानं सोसायचं का?" कुणीतरी मनात विचारलं, मला ऐकू आलं. नाही. खटकणं वेगळं आणि अन्याय वेगळा. हा निवाडा ज्याला करता येत नाही, त्याची सहनशीलता दुसऱ्याच्या गळ्याला फास होते. चोखोबांना देवळाच्या दारात अडवलं, ती किरकोळ कुरबूर नव्हती. तो अन्याय होता. मंगळवेढ्याला १३३८ मध्ये गावकुसाची भिंत कोसळली, तिच्याखाली चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी आणायला कोण गेलं? नामदेव! थापटणी लागली म्हणून रुसलेले तेच नामदेव. अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारापाशी त्यांनी चोखोबांची समाधी केली. स्वतःवरच्या थापटणीला राग येणं सुटलं, की माणूस दुसऱ्यावरच्या घावासाठी चालत जातो. कच्चं मडकं पक्कं झालं ते असं.

म्हणून घरातल्या सुनेला, गड्याला, लहान भावाला "सोस बाई, सोस बाबा, संतांनी सोसलं" असं सांगू नका. संतांनी सोसलं ते स्वतःचं. दुसऱ्याला सोसायला लावलं नाही. कुणी हात उगारतो, कुणी दारू पिऊन घर लुटतो, कुणी हक्काचं खातो, तिथं बोलायचं, चारचौघांना बोलवायचं. आपण आज बोलतो आहोत ते मचमच, खर्रा, हॉर्न आणि कुदळ यांच्याबद्दल. पण तेही किरकोळ म्हणून आत साठवलं तर काय होतं, त्याचा एक दृष्टांत ऐका. नावगाव विचारू नका, दृष्टांत आहे.

दोन सख्खे भाऊ. हिस्से झाले. वरच्या बांध्या थोरल्याच्या, खालच्या धाकट्याच्या. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे धानाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरतं. धुऱ्याला तोंड फोडलं तर खालच्याला मिळतं, बुजवलं तर खालचा बसला आभाळाकडे पाहत. तर आषाढ लागला, रोवणीची घाई. धाकट्याचे पऱ्हे तयार. आणि थोरल्यानं धुऱ्याचं तोंड बंद केलं. "माझ्याच बांधीला पुरत नाही." धाकटा रोज जाऊन पाहायचा. बांधीत चिखल होईना, रोवणी होईना. पऱ्ह्यांचं वय निघून गेलं. उशिरा रोवलेल्या धानाला फुटवे कमी येतात. ते साल गेलं. दोन घरांचं बोलणं गेलं. थोरल्याच्या लेकीचं लग्न झालं, अक्षता टाकायला सख्खा काका नव्हता. एकाच भिंतीपलीकडे तो घरात बसून बँड ऐकत होता.

पुढं प्रकरण गावाच्या तंटामुक्ती समितीपुढं आलं. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आपल्या राज्यात सुरू झाली, गावातला तंटा गावातच सामोपचारानं मिटावा म्हणून. तर समितीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाणी काहून बंद केलं?" "यानं धुरा कोरला." "धुरा काहून कोरला?" "दादानं बैलबंडी जाऊ दिली नाही." "बंडी काहून नाही जाऊ दिली?" असं मागं मागं जाता जाता थोरला गप्प झाला. मग खाली पाहून म्हणाला, "हा शेतातून येतो तो चिखलाच्या पायानं आमच्या अंगणातून जातो. घरच्या बाईनं पहाटे सडा-सारवण केलेलं असतं. रोज." बैठकीतले लोक हसले. मग हसणं थांबलं, कारण धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, "दादा, तीन वर्षांत मले एकदाही नाही सांगितलं. वैनीनं एक शब्द टाकला असता तर मी फेऱ्यानं गेलो असतो. मले वाटे, हे माझ्या बापाचं अंगण आहे."

मायबाप, तंटा मिटला. पाणी सुटलं. पण गेलेलं पीक आलं नाही आणि लेकीचं लग्न पुन्हा लागलं नाही. चिखलाचं एक पाऊल होतं. त्याला एक वाक्य पुरलं असतं.

थोरल्यानं सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! पानठेल्यावर, चक्कीवर, सासुरवाडीला सांगितलं. ज्याचे पाय चिखलाचे होते तो सोडून साऱ्या गावाला सांगितलं. आपण सगळे हेच करतो. औषध शेजाऱ्याला देतो आणि दुखणं बरं होत नाही म्हणून रडतो.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे अबोला. लोकांच्या बोलण्याला, वागण्याला विटून ज्ञानोबा माउलींनीही एकदा झोपडीची ताटी लावून घेतली होती. ज्ञानोबांनी! आणि दार उघडवायला कोण आलं? सगळ्यात धाकटी मुक्ताई. तिनं "कोण तुला बोललं, चल त्याला पाहून घेऊ" असं म्हटलं नाही. तिनं विनवणी केली, थोरपणाची आठवण दिली, आणि ताटी उघडली. जगाला ज्ञानेश्वरी देणाऱ्यालाही ताटी उघडायला बहीण लागली, मग तुम्हाआम्हाला लाज कशाची? घरात कुणी ताटी लावून बसलं असेल, तर तुम्ही मुक्ताई व्हा. वयानं धाकटे असाल तर आधी व्हा.

आता दुसरी वाट पाहा. आपल्या विदर्भाचे गाडगेबाबा. गावोगाव घाण होती. उकिरडे, गटारं, देवळासमोर शेण. दुसरा कुणी असता तर वेशीवरून नाक धरून गेला असता आणि पुढच्या गावी सांगितलं असतं, "काय घाणेरडं गाव!" बाबा हातात खराटा घेऊन उतरायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात खडसावायचे. २० डिसेंबर १९५६ ला बाबा गेले, पण त्यांच्या कीर्तनाची बैठक समजून घ्या. आधी खराटा, मग शब्द. ज्यानं झाडलं त्याला बोलायचा अधिकार. म्हणून काही खटकलं की आधी पाहावं, इथं माझ्या हातानं काही होण्यासारखं आहे का? रस्त्यातली चपल मीच सरळ केली तर? शेजाऱ्याच्या दारचा नळ वाहतो आहे, दहा पावलं जाऊन मीच बंद केला तर? अर्ध्या तक्रारी हाताच्या कामात विरघळतात.

आणि उरलेल्या अर्ध्या? त्या सोडून द्यायच्या. आपले वारकरी महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतात. गोंदियाहून सुटलेली ही गाडी कोल्हापूरपर्यंत जाते, एक दिवस एक रात्रीहून जास्त प्रवास. कुणी दौंडला उतरून पंढरीची वाट धरतो, कुणी पुण्याला उतरून आळंदीला जातो. डब्यात काय नसतं? कुणी घोरतो, कुणी पाय लांब करतो, कुणाचं गाठोडं आपल्या डोक्यावर, कुणाचं लेकरू रात्रभर रडतं. पण गाडीत आपण कसं बोलतो? "जाऊ द्या जी, एका रात्रीचा प्रश्न आहे." तेच घोरणं घरी असलं की वैर होतं. फरक काय? गाडीत आपल्याला ठाऊक असतं की आपण उतरणार आहोत. मायबाप, घरातही उतरायचंच आहे हो. ज्याचं घोरणं आज सहन होत नाही, त्याची खाट एक दिवस रिकामी होईल. आणि मग ती शांतता सोसवणार नाही. कितीतरी माऊल्या सांगतात, "महाराज, घोरण्याचा आवाज नाही म्हणून झोप येत नाही."

तर आजच्या सेवेतून तीन गोष्टी पदरात बांधून न्या.

पहिली. काही खटकलं की विचारा, यात कुणाचं नुकसान होतं आहे की फक्त मला आवडलेलं नाही? नुकसान असेल तर बोला, दुसऱ्याचं असेल तर आधी बोला. नुसती आवड-नावड असेल तर एकदा विठ्ठलाचं नाव घ्या आणि पुढं चला. देवाला या लहान लढाईतही सोबत न्यायचं, हाच त्याचा अर्थ.

दुसरी. सांगायचंच असेल तर ज्याचं त्यालाच सांगा. एकट्याला, त्याच दिवशी, गोड शब्दात, आणि एकच गोष्ट सांगा. "अरे, सारवण ओलं आहे, त्या अंगानं जाशील का?" एवढंच. "तू नेहमीच असा" हे शब्द काढले की संपलं. जुनी मढी उकरायची नाहीत.

तिसरी. मघाशी हसताना सगळ्यांना दुसऱ्याचा चेहरा दिसला होता. आज घरी जा, आणि घरातल्या एका माणसाला विचारा, "माझं तुला काय खटकतं?" आणि उत्तर येईल तेव्हा वाद घालू नका, फक्त ऐका. ती तुमची थापटणी. हललात की नाही, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आपल्या नवेगावबांधच्या तलावाकडे पाहा. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. असे कितीतरी जुने मालगुजारी तलाव आपल्या भागात आहेत. ते बांधणाऱ्यांना माहीत होतं की तलावाचं पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचायचं तर मधल्या प्रत्येकानं आपल्या बांधीतून वाट द्यावी लागते. थोडी माती वाहून जाईल, थोडा धुरा झिजेल, दुसऱ्याची पावलं उमटतील. पण सगळ्यांनी वाट दिली तर सगळं शिवार हिरवं होतं. देवाची कृपा काही वेगळी नाही. वरून आली ती आपल्यापाशी अडवून ठेवू नका, खालच्याला उतरू द्या. त्याच्या पायाला चिखल आहे, हो आहे. आपलेही पाय काही कोरडे नाहीत.

झालेली सेवा पांडुरंगाच्या चरणी. काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल तर ते माझं. त्यातून काही कामाचं निघालं असेल तर ते संतांचं. चपला घालताना गर्दी करू नका, म्हाताऱ्या माणसांना आधी जाऊ द्या, आणि कुणाची चपल पायाखाली आली तर उचलून सरळ ठेवा.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!